मोजा आम्हांला, पण याद्या करू नका!

मुसलमानांविषयी बोलायचे असले की या देशात कोणालाच आकडे लागत नाहीत. त्यांची लोकसंख्या किती वेगाने वाढते, त्यांची किती मुले मदरशात जातात, त्यांच्या हातात किती पैसा खेळतो, हे चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही ठाऊक असते. शेजारच्या गल्लीतल्या मुसलमानाच्या घरी दोन वेळा चूल पेटते की एक वेळा, हे ज्याला माहीत नाही तोही कोट्यवधी मुसलमानांचा हिशेब बोटांवर मांडून दाखवतो. यात आता नवल राहिलेले नाही. नवल याचे वाटते की आम्हां मुसलमानांनाही आकडे लागत नाहीत. आमचा जलसा असो, शिक्षण परिषद असो की साहित्य संमेलन, 'समाज मागासलेला आहे' आणि 'समाजावर अन्याय होतो' या दोन वाक्यांवर टाळ्या मिळतात. किती मागासलेला? कोणत्या जिल्ह्यात? पिंजारी जास्त की खाटीक? मुली जास्त की मुले? असे कोणी विचारले की व्यासपीठावर शांतता पसरते.

हा लेख त्या शांततेच्या विरोधात आहे. आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने घरोघर फिरून गोळा केलेली माहिती नाव-गाव काढून टाकून सगळ्यांसाठी खुली ठेवावी, वेळेवर ठेवावी, राजकारण पाहून ती दाबू नये. आणि आम्ही ती उघडून वाचावी. पहिली मागणी सरकारकडे आहे, दुसरी आमच्या स्वतःकडे. आज दोन्हीकडे थकबाकी आहे.

शिजवलेले ताट आणि कोरडा शिधा

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची ती कल्पना. एवढ्या मोठ्या देशात घर न् घर विचारत बसण्यापेक्षा नीट निवडलेली थोडी घरे नीट विचारली तर देशाचे चित्र कळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९७० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी संघटना उभी राहिली आणि २०१९ मध्ये ती केंद्रीय सांख्यिकी कार्यालयासह राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात विलीन झाली. कुटुंबाचा खर्च, रोजगार, शिक्षण, आजारपण, कर्ज, घराची अवस्था असे विषय घेऊन या पाहण्या होत असतात.

पाहणी झाली की अहवाल निघतो. अहवाल म्हणजे दुसऱ्याने शिजवून वाढलेले ताट. त्यात काय घालायचे, काय वगळायचे, हे वाढणारा ठरवतो. तक्ता राज्याचा असेल तर जिल्हा दिसत नाही. धर्माचा असेल तर त्यात जात दिसत नाही. पण त्या अहवालामागे एक कोठार असते. तिथे प्रत्येक घराची एक ओळ असते. घरात माणसे किती, शिकलेली किती, कामावर कोण, धान्यावर खर्च किती, औषधावर किती, असे रकाने असतात. याला खात्याच्या भाषेत 'युनिट लेव्हल डेटा' म्हणतात. आपण त्याला घरागणिक माहिती म्हणू. हा कोरडा शिधा आहे. ज्याला जे शिजवायचे ते त्याने शिजवावे.

या ओळीत कुटुंबप्रमुखाचे नाव नसते. गावाचे नाव नसते, घर क्रमांक नसतो. पाहणी करणारा ते कागदावर किंवा टॅब्लेटवर लिहून घेतो, पण बाहेर देण्याच्या फाइलमधून ते काढलेले असते. राहतात ते सांकेतिक क्रमांक. राज्याचा, जिल्ह्याचा, धर्माचा, सामाजिक गटाचा. धर्माच्या रकान्यात हिंदूंना १, इस्लामला २, ख्रिश्चनांना ३. सामाजिक गटाच्या रकान्यात अनुसूचित जमातीला १, अनुसूचित जातीला २, इतर मागासवर्गाला ३ आणि बाकी सगळ्यांना ९. शेवटी एक गुणक असतो. हे एक घर किती घरांच्या वतीने बोलत आहे, हे तो सांगतो.

१९९९ च्या राष्ट्रीय धोरणाने ही घरागणिक माहिती बाहेर देण्याचा रस्ता मोकळा केला. अहवालाबरोबर, किंवा पाहणी संपल्यापासून तीन वर्षांत, यांतले जे आधी घडेल तेव्हा ती द्यायची असे ठरले. सुरुवातीला पैसे भरून सीडी मागवावी लागे. आता नाव नोंदवले की ती संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. दिल्लीतल्या प्राध्यापकाला जी फाइल मिळते तीच शहाद्याच्या विद्यार्थ्यालाही मिळते. या देशात इतकी समान वाटणी फार थोड्या गोष्टींची होते.

सच्चर समितीने काय केले?

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचे नाव आमच्या प्रत्येक वक्त्याच्या तोंडी असते. मार्च २००५ मध्ये ती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिने अहवाल दिला. पण तिच्या हाती कोणते शस्त्र होते, हे आमचे वक्ते सांगत नाहीत. समितीने राज्याराज्यांत फिरून लोकांशी बोलणी केली हे खरे. पण देशाला जे मान्य करावे लागले ते आले जनगणनेतून आणि नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या ६१ व्या फेरीच्या घरागणिक माहितीतून. शहरी मुसलमानांत गरिबीचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे शहरी भागातल्या इतर कोणत्याही मोठ्या गटापेक्षा अधिक आहे, हे समितीच्या मनातून आलेले नव्हते. त्या ओळी मोजून आलेले होते. 'मुसलमानांचे लाड होतात' या पन्नास वर्षांच्या प्रचाराला पन्नास वर्षांच्या भाषणांनी जे उत्तर देता आले नाही, ते या मोजणीने दिले.

मदरशांचेही तसेच. अक्कलकुवा म्हटले की लोकांना तिथली जामिया आठवते आणि मुसलमानांची सगळी मुले मदरशातच जातात असा समज पक्का होतो. सच्चर समितीने पाहण्यांच्या आधारे दाखवले की शाळकरी वयाच्या मुसलमान मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशात शिकतात. बाकीची सरकारी शाळेत, खाजगी शाळेत, नाहीतर कुठेच नाहीत. खरा प्रश्न त्या 'कुठेच नाही'चा आहे, पण तो विचारायला आधी ३ हा आकडा हाती यावा लागतो.

लोकसंख्येचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हे वेगळे काम आहे, मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. तिची घरागणिक माहितीही अभ्यासकांना मिळते. तिच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुसलमान स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २.३६. 'हम पाँच, हमारे पच्चीस'वाल्यांना आम्ही शिव्या देतो. शिव्यांनी त्यांचे काही बिघडत नाही. या दोन आकड्यांपुढे मात्र त्यांना विषय बदलावा लागतो.

नंदुरबारची वीस घरे

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला. सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात सर्वांत कमी. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात आमचा जिल्हा तळाला होता. २०१८ मध्ये त्याला 'आकांक्षित' म्हणू लागले. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा अहवाल काढला, तेव्हा जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक गरीब निघाले.

या जिल्ह्यात मुसलमान सुमारे सहा टक्के, म्हणजे लाखाच्या आत-बाहेर. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर राबणारे, शहाद्या-तळोद्याच्या बाजारात बागवानी करणारे, खाटीक, पिंजारी, मण्यार, फकीर, अक्कलकुव्याकडचे मकराणी, नवापूरच्या कुक्कुटपालनात गुंतलेले. १८ फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात जाहीर झाला. लाखांवर कोंबड्या मारल्या गेल्या आणि किती मारल्या, हे रोज वर्तमानपत्रांत छापून आले. त्या कोंबड्यांवर पोट असलेली माणसे किती, त्यांतल्या कितीजणांची चूल विझली, हे मात्र छापून आल्याचे आम्हांला आठवत नाही. कोंबडीची मोजणी आठवड्यात झाली. माणसाची राहून गेली.

मग नमुना पाहणीत आम्ही कुठे आहोत? थोडा हिशेब करू. २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत देशभरातून २ लाख ६१ हजार ७४६ घरे घेतली. जिल्हे सातशेहून अधिक. वाटप सगळीकडे सारखे नसते, पण सरासरी काढली तर एका जिल्ह्याला साडेतीनशेच्या आसपास घरे येतात. त्यातले सहा टक्के म्हणजे वीस-एकवीस. नंदुरबारच्या लाखभर मुसलमानांच्या वतीने साधारण वीस घरे बोलणार! एका घरामागे पाच हजार माणसे.

वीस घरांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही, हे संख्याशास्त्र शिकलेला कोणीही सांगेल. म्हणून आजवर नंदुरबारचा मुसलमान वेगळा दिसलाच नाही. नमुना पाहणीने महाराष्ट्राचे जे प्रदेश पाडले आहेत त्यात नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नाशिक एकाच प्रदेशात येतात. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. म्हणजे या प्रदेशाचा 'सरासरी मुसलमान' काढला की त्यात मालेगावचा यंत्रमाग कामगारच जास्त असणार. मालेगावचे दुःख खरे आहे, पण ते अक्कलकुव्याचे दुःख नव्हे. लूम बंद पडणे वेगळे आणि बाजारच्या दिवशी पाऊस पडून मनेरीची पाटी रिकामी न होणे वेगळे.

अहवालातल्या तक्त्यांनी आणखी एक घोटाळा होतो. जळगाव जिल्ह्यातल्या यावल, रावेर, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात तडवी भिल्ल मुसलमान आहेत. धर्म २, सामाजिक गट १. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे ते मुसलमान असूनही आदिवासी आहेत. आदिवासींच्या तक्त्यात ते भिल्ल, पावरा, गावित यांच्यात मिसळून जातात. मुसलमानांच्या तक्त्यात शेख-पठाणांत मिसळून जातात. दोन्ही तक्त्यांत ते आहेत आणि दोन्हींत दिसत नाहीत. आमच्या नंदुरबारमध्ये तडवी आडनावाचे असंख्य लोक आहेत आणि ते मुसलमान नाहीत. आडनावावरून अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो. तडवी मुसलमानाला शोधायचे तर धर्माचा रकाना आणि सामाजिक गटाचा रकाना एकत्र धरावा लागतो. ते फक्त घरागणिक माहितीत शक्य आहे. म्हणून आम्ही म्हणतो, अहवालाने आमचे भागत नाही. आम्हांला कोठाराची किल्ली हवी, आणि त्या कोठारात धर्म, सामाजिक गट व जिल्हा हे तिन्ही रकाने शाबूत हवेत.

जानेवारी २०२५ पासून एक चांगले पाऊल पडले आहे. श्रमशक्तीच्या पाहणीत घरांची संख्या १ लाख २ हजार ४०० वरून २ लाख ७२ हजार ३०४ केली आणि जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक धरला. म्हणजे आमची वीस घरे थोडी वाढतील. दोन-तीन वर्षांच्या फायली एकत्र केल्या तर जिल्ह्याविषयी काही तरी जबाबदारीने बोलता येईल. मात्र त्यासाठी त्या घरांनी दार उघडायला हवे.

दार का लागले?

आमच्या मोहल्ल्यातली गोष्ट. एक दुपारी पाठीला सॅक, हातात टॅब्लेट, गळ्यात ओळखपत्र असा एक तरुण आला. धडगावकडचा पावरा मुलगा, कंत्राटावर काम करणारा. त्याने एका दारावर टकटक केली. "चाची, सरकारी पाहणी आहे. घरात किती माणसे आहेत ते सांगाल का?" चाचीने त्याला बसायला सांगायच्या आधीच समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "कुछ मत बोलो आपा, ये एनआरसीवाले हैं!" दार लागले. मग शेजारचे लागले. मुलगा थोडा वेळ उन्हात उभा राहिला आणि गेला. पाहणीत एखाद्या घराने नकार दिला की बदली म्हणून दुसरे घर घेतात. त्याने तसे घेतले असेल. ते कोणाचे असेल, कोणास ठाऊक. चाचीच्या घरचे तीन महिन्यांचे वीजबिल थकलेले होते, पोरीची शाळा आठवीत सुटली होती. ते कुठेच लिहिले गेले नाही. तिच्यामागच्या पाच हजार माणसांचेही नाही.

चाचीला आम्ही दोष देत नाही. भीती खोटी नाही. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला जी यादी लागली तीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. त्याच डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि २०२० च्या सुरुवातीला देशात जागोजागी पाहणीवाल्यांना दारातून परत पाठवले गेले. आमच्या जिल्ह्याची हद्द गुजरातला लागून आहे. २००२ मध्ये त्या बाजूला जमाव हातात याद्या घेऊन फिरत होते, अशा साक्षी अनेकांनी दिल्या. यादी या शब्दाने आमच्या बायांच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

पण वाचकहो, यादी आणि पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक समाजाला समजावणे हे शिकलेल्यांचे काम होते. ते आम्ही केले नाही. यादीला नाव लागते. तिला प्रत्येक माणूस लागतो, एकही सुटून चालत नाही. पाहणीला नाव नको असते, हजारातले एक घर पुरते. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही ही यादी आहे. ती नागरिकत्व कायद्याखालच्या २००३ च्या नियमांतून आलेली आहे. जनगणना १९४८ च्या कायद्याने होते आणि त्या कायद्यानुसार तुमचा भरलेला फॉर्म कोणाला पाहता येत नाही, तो कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. नमुना पाहणीसारख्या कामांसाठी २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे. त्याने माहितीचा वापर सांख्यिकीपुरता बांधून ठेवला आहे.

गंमत पाहा. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. प्रत्येक माणसाला नावानिशी, बोटांच्या ठशांनिशी ओळखण्याची सुरुवात सरकारने नंदुरबारमधून केली. तेव्हा आम्ही रांगा लावल्या, अंगठे दिले. नाव न लागणाऱ्या पाहणीला मात्र दार लावले!

कोणी म्हणेल, कायद्यावर एवढा विश्वास कशाला? प्रश्न योग्य आहे आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे. हॉलंडमध्ये नागरिकांच्या नोंदवहीत नावापुढे धर्म लिहिलेला होता. जर्मन आले तेव्हा ज्यूंना शोधणे त्यांना सोपे गेले. २७ मार्च १९४३ ला प्रतिकार करणाऱ्यांनी ॲमस्टरडॅमचे ते नोंदणी कार्यालय पेटवले, ते याच कारणासाठी. अमेरिकेत १९४२ मध्ये जनगणना कार्यालयाने नावे दिली नसली तरी छोट्या छोट्या भागांचे तक्ते दिले आणि लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेण्याच्या कामी ते आले. २००० साली त्या कार्यालयाने याबद्दल माफी मागितली.

या दोन घटनांतून दोन वेगळे धडे निघतात. पहिला असा की धर्म नावाला चिकटवलेली नोंदवही घातक आहे, तिला विरोधच केला पाहिजे. दुसरा असा की नाव नसले तरी भाग फार छोटा केला तर धोका उरतो. अक्राणी तालुक्यात एखाद्या गावात मुसलमानांची दोनच घरे असतील, तर 'धर्म २, व्यवसाय किराणा, घरात सात माणसे' एवढ्यावरून सारे गाव घर ओळखेल. म्हणून आमची मागणी नेमकी आहे. जिल्ह्याचा क्रमांक राहू द्या, कारण त्याच्याशिवाय नंदुरबार दिसणार नाही. तालुका आणि गाव मात्र बाहेर जाऊ नये. आणि खुल्या फाइलमधून माणूस हुडकण्याचा जो प्रयत्न करील त्याला कडक शिक्षा असावी, मग तो संशोधक असो की पोलीस. खुलेपणा आणि गुप्तता यांचे वैर नाही. नाव झाकले म्हणूनच माहिती उघडता येते.

सरकारची थकबाकी

ज्यांनी हे कोठार सांभाळायचे त्यांनी काय केले? २०१७-१८ मध्ये कुटुंब खर्चाची पाहणी झाली. घरोघर माणसे गेली, जनतेचा पैसा खर्च झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने सांगितले की निष्कर्षांच्या दर्जाविषयी शंका आहे, इतर सरकारी आकड्यांशी ते जुळत नाहीत, म्हणून ते प्रसिद्ध होणार नाहीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत रोजगाराचा अहवाल अडवल्याच्या मुद्द्यावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले होते. रोजगाराचा तो अहवाल निवडणूक उरकल्यावर ३१ मे २०१९ ला बाहेर आला.

शंका होती तर शंकेसकट माहिती द्यायची होती. अभ्यासकांनी तपासली असती, चूक कुठे आहे ते दाखवले असते. खुली घरागणिक माहिती त्यासाठीच असते. वैद्याला नाडी न दाखवता रोग नाही म्हणणे याला औषधोपचार म्हणत नाहीत. परिणाम काय झाला? २०११-१२ नंतर थेट २०२२-२३, तब्बल अकरा वर्षे गरिबाच्या ताटात काय पडते याचा अधिकृत हिशेब देशाकडे नव्हता. याच अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, टाळेबंदी झाली. हातावर पोट असलेल्या माणसाचे काय झाले, हे सांगणारी पाहणी नेमकी तेव्हाच गहाळ होती.

दोष एकाच पक्षाचा नाही. २०११ ची जनगणना झाली, पण धर्मनिहाय आकडे ऑगस्ट २०१५ मध्ये आले. तेही अशा वेळी की बिहारच्या निवडणुकीत भाषणे करायला उपयोगी पडावेत. त्याच सुमारास झालेल्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेतले जातीचे आकडे आजतागायत बाहेर आलेले नाहीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. आज पाहण्यांसाठी गावांची जी यादी वापरतात ती जुन्या जनगणनेवरच उभी राहत आली आहे. पाया जुना असेल तर भिंत किती सरळ येणार?

राज्य सरकारलाही आमचे विचारणे आहे. केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयही आपला नमुना घेते. दोन्ही एकत्र झाले तर आमची वीस घरे चाळीस होतात. मग राज्याच्या नमुन्याची घरागणिक माहितीही केंद्राइतक्याच सहजतेने, मराठी माहितीपत्रकासह, सर्वांसाठी का ठेवू नये?

आमची थकबाकी

आता स्वतःकडे वळू. आमच्यापैकी काहींनी, दोन शिक्षक, एक औषधविक्रेता आणि पदवीला संख्याशास्त्र घेतलेली एक मुलगी, मिळून एका पाहणीची फाइल उतरवून घेतली. तीन संध्याकाळी ती उघडायला गेल्या. चौथ्या संध्याकाळी त्या मुलीने नंदुरबारचा क्रमांक आणि धर्म २ अशा ओळी वेगळ्या काढल्या. सगळ्या एका पडद्यावर मावल्या. तिचे अब्बा मागे उभे होते. त्यांनी विचारले, "इसमें अपना घर कौनसा?" ती म्हणाली, "दिसणारच नाही अब्बा. दिसलं असतं तर भ्यायला हवं होतं."

हे काम करायला दिल्लीला जावे लागत नाही, आमदाराची चिठ्ठी लागत नाही. तरी आमच्या संस्था ते करत नाहीत. इमारतीला चंदा गोळा होतो, कमानीला होतो, संख्याशास्त्र शिकणाऱ्या दोन मुलींच्या फीसाठी होत नाही.

याच्या मागे आळस आहेच, पण भीतीही आहे. आकडे आमच्याविरुद्धही बोलतील ही भीती. ते बोलतातच. श्रमशक्तीच्या पाहण्यांत मुसलमान स्त्रियांचे कामातले प्रमाण इतर मोठ्या धर्मसमाजांपेक्षा कमी दिसते. त्याला केवळ सरकार जबाबदार आहे का? आठवीनंतर मुलीला घरी बसवताना आम्ही सरकारला विचारले होते का?

जातीचेही तसेच. 'इस्लाममध्ये जात नाही' हे आम्ही मिंबरावरून सांगतो आणि लग्न जुळवताना बिरादरी विचारतो. नमुना पाहणीच्या आधारे सच्चर समितीने दाखवले की १९९९-२००० मध्ये मुसलमानांतले सुमारे ३२ टक्के लोक स्वतःला इतर मागासवर्गीय सांगत होते, २००४-०५ मध्ये ४०.७ टक्के. पाच वर्षांत समाजात एवढे पिंजारी, मोमीन जन्माला आले नाहीत. सांगणारे वाढले. शब्बीर अन्सारींसारख्यांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, १९९४ मध्ये शासन निर्णय झाला, तेव्हा अनेकांना कळले की आपल्याला हा दाखला मिळतो. पण आजही दारात 'सामाजिक गट कोणता?' असे विचारले की आम्ही 'मुसलमान' म्हणून मोकळे होतो. समोरचा ९ लिहितो. ३ च्या जागी ९! एका अंकाने पिंजाऱ्याचे घर नवाबाच्या रकान्यात जाऊन बसते आणि मग आम्हीच ओरडतो की ओबीसी मुसलमानांची आकडेवारी कोणाकडे नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप. 'आकड्यांनी काय होते? सच्चर येऊन गेले, महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, मिळाले काय?' हा आक्षेप निराशेतून येतो, म्हणून त्याचे उत्तर हळू आवाजात देतो. २०१४ मध्ये राज्याने मुसलमानांतल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, पण शिक्षणातले चालू ठेवायला परवानगी दिली, कारण शिक्षणातल्या मागासलेपणाचे पुरावे समोर होते. पुढे सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही, तो गळून पडला. न्यायालयात आम्ही जे हरलो नाही ते विधिमंडळात हरलो. आकडा हक्क देत नाही, हे मान्य. पण आकड्याशिवाय हक्काचा दावा कोर्टाच्या पायरीवरही चढत नाही.

२०२७ च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. त्याआधी आणि त्यानंतरही नमुना पाहण्या चालूच राहतील. सॅक पाठीला लावलेला तो मुलगा पुन्हा आमच्या मोहल्ल्यात येईल. त्याचे ओळखपत्र पाहा, कोणती पाहणी आहे ते विचारा. नागरिकत्वाची कागदपत्रे मागू लागला तर तो पाहणीवाला नाही, त्याला तिथेच थांबवा. पण खर्च, शाळा, काम, आजारपण विचारत असेल तर पाण्याचा ग्लास पुढे करा आणि खरे ते सांगा. पोरीची शाळा सुटली असेल तर सुटली म्हणा. वीजबिल थकले असेल तर थकले म्हणा. पिंजारी असाल तर पिंजारी म्हणा. तुमच्या मागे पाच हजार माणसे उभी आहेत आणि त्यांना त्या दिवशी बोलता येणार नाही.